निग्रही खेकडा आणि रिकामा शंख

जंगलातल्या कोल्ह्यांच्या आणि सिंहांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही गोष्ट जंगलातली नाही, कारण ज्याची आहे तो बिचारा जंगलात कधी गेलाच नव्हता. त्याचं सगळं आयुष्य समुद्रकाठच्या एका पुळणीवर, सुरूच्या झाडांखालच्या वाळूत गेलं. कावळा मात्र याही गोष्टीत आहे. कावळा कुठे नसतो?

तर त्या पुळणीवर एक खेकडा राहत असे. साधा खेकडा नव्हे, शंखातला खेकडा. समुद्रावर गेला असाल तर तुम्हीही पाहिला असेल. वाळूत पडलेला छानसा शंख उचलायला जावं, तर त्या शंखाला एकदम पाय फुटतात आणि तो तुरुतुरु पळायला लागतो! तो शंख खेकड्याचा स्वतःचा नसतो बरं का. एखादी समुद्री गोगलगाय मरून गेलेली असते, तिचा असतो. या खेकड्यांना पुढच्या बाजूला नांग्या असतात, कवच असतं, सगळा थाटमाट असतो. पाठीमागचं अंग मात्र अगदी मऊ, सोललेल्या कोळंबीसारखं. ते झाकायला काहीतरी हवं. म्हणून ते रिकामा शंख शोधतात, उलट्या पावली त्यात शिरतात आणि तो पाठीवर घेऊन जन्मभर हिंडतात. संकट आलं की आत सरकायचं आणि मोठी नांगी दारासारखी तोंडाशी लावून घ्यायची. मग बाहेर कुणी कितीही टोचा मारो.

आता यात एक पंचाईत आहे. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. तेव्हा अधूनमधून घर बदलावं लागतं, आणि त्यासाठी या खेकड्यांत एक फार सुंदर रीत आहे. भरतीबरोबर एखादा मोठा रिकामा शंख काठाला लागला, की ज्याला तो दिसतो तो आधी मापून बघतो. फार मोठा होत असेल तर तो निघून जात नाही, तिथेच थांबतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो, आणि सगळे मापाप्रमाणे एकामागे एक उभे राहतात. सर्वांत मोठा खेकडा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना शंख मागच्याला मिळतो, मागच्याचा त्याच्या मागच्याला, असं करत करत शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला थोडं मोठं घर मिळतं. भांडण नाही, ओढाओढ नाही. जुन्या घरांतून मडक्यावर मडकं रचून ठेवत, तळाला मोठं आणि वर लहान, त्याला उतरंड म्हणत. खेकडेही आपल्या या रांगेला उतरंडच म्हणत.

अवघड असं त्यात एकच होतं. जुना शंख सोडून नव्यात शिरेपर्यंत, पापणी लवायला लागते तेवढाच वेळ, ते मऊ अंग उघड्यावर यायचं.

आपला खेकडा तरुण असताना अशाच एका उतरंडीत उभा होता. त्याच्या पुढचा खेकडा शंखातून निघाला, आणि नव्या शंखात काही पोचला नाही. वरून कावळा आला, एक फडफड झाली आणि वाळूवर फक्त ओरखडे उरले. आपला खेकडा जो रांगेतून निघाला तो सरळ सुरूंखाली जाऊन बसला. मनाशी म्हणाला, "आपण नाही बुवा असलं काही करायचं. या शंखात आलो, याच शंखात राहू."

पण अंग वाढतं त्याचं काय करायचं? त्याने विचार केला, अंग खाण्याने वाढतं. तेव्हा खायचंच कमी. कोळणी मासळी निवडून गेल्या की पुळणीवर कोळंबीची डोकी, माशांची आतडी असा मोठा फराळ पडलेला असे. बाकीचे खेकडे त्यावर तुटून पडत. हा मात्र एक घास घेई, नांगी पुसे आणि मान वळवून निघून जाई. मागे वळून बघायचं नाही म्हणजे नाही! पोटात कावळे कोकलत असत, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नसे.

हळूहळू त्याची ख्याती झाली. "काय हा निग्रह!" एक म्हणे. "आपल्याला जन्मात जमायचं नाही," दुसरा म्हणे, आणि तोंडातलं आतडं चघळत मान डोलावी. लांबून लांबून खेकडे त्याच्याकडे उपदेश घ्यायला येऊ लागले. हाही त्यांना सांगे, "अरे, शंख वाढत नाही, मग आपण कशाला वाढायचं? मिळालंय त्यात मावावं." ऐकणारे खूश होऊन जात. खरं कारण काय ते याला पक्कं ठाऊक होतं. पण लोक इतकं चांगलं बोलत असताना मधेच तोंड घालणं बरं दिसत नाही.

एवढं करूनही अंग थोडं थोडं वाढतच राहिलं. अंगाला कोण समजावणार? एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आपण आत सरकलो तरी नांगी बाहेरच राहते. दार लागतच नाही! ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. तेव्हापासून तो एका मोठ्या कातळाच्या खाचेत, तोंड कातळाकडे करून बसू लागला, म्हणजे नांगी कुणाला दिसायची नाही. बघणाऱ्यांना वाटे, महाराजांनी ध्यान लावलंय. ते हळूच पावलं टाकत पलीकडून जात.

पुढे पुळणीवर माणसं फिरायला येऊ लागली. येताना ती बाटल्या आणत आणि जाताना शंख घेऊन जात. त्यामुळे बाटल्या वाढल्या, शंख संपत आले आणि उतरंड लागणं फार दुर्मीळ झालं. एका खेकडीवर तर बाटलीच्या निळ्या झाकणात राहायची वेळ आली. लहानपणीचा शंख लहान झाला होता, दुसरा मिळेना, शेवटी मिळालं ते पाठीवर घेतलं. ती चालली की झाकण खडखड वाजे आणि पोरंटोरं हसत. ती म्हणे, "हसा बाबांनो, तुमचंही माप वाढणारच आहे."

एकदा समुद्र दोन-तीन दिवस खवळलेला होता. तो शांत झाला त्या सकाळी पाहतात तर काठाला हा एवढा मोठा शंख! आत काही नाही, कुठे चीर नाही. बातमी पसरायला काय वेळ लागतो? सगळी पुळण गोळा झाली. पुष्कळांना आपापले शंख अजून पुरत होते, ते नुसते बघायला आले. ज्यांना गरज होती ते रांगेत लागले. सर्वांत पुढे थोरला, त्याच्यामागे मधला. त्यानंतर थोडी जागा सोडून अगदी शेवटी ती झाकणातली खेकडी.

आपला निग्रही खेकडाही आला. एवढी मंडळी जमलीत, चार शब्द बोलायला मिळतील, असा त्याचा विचार होता.

"या, या! तुमच्यासाठीच अडलोय," थोरला म्हणाला. "मधल्याच्या मागे उभे राहा. ती जागा तुमच्या मापाची."

"छे छे!" निग्रही खेकडा म्हणाला. "मला कुठलं आलंय नवं घर? मी सहज बघायला आलो."

"अहो, पण मग मागचीला काय मिळणार? मधल्याचा शंख तिला ओढवायचा नाही. तुमचाच तेवढा तिच्या मापाचा आहे."

खेकडी पुढे आली. तिचं झाकण खडखडलं, पण आज कुणी हसलं नाही. ती म्हणाली, "काका, मी अंडी धरलीत." आणि किंचित वळून तिने दाखवलं. पोटाला अंड्यांचा घोस चिकटलेला होता, आणि त्याची एक कड सुकून पांढरी पडली होती. "मोठ्या भरतीला ती पाण्यात सोडायची. तोवर ओलीत राहायला हवीत. शंखात ओल राहते, या झाकणात कुठली राहणार? आज ऊन कडक पडलं तर एकही वाचणार नाही. तुमचा शंख मिळाला तर होईल हो सगळं नीट."

निग्रही खेकड्याला वाईट वाटलं. नाही असं नाही. पण लगेच त्याला तो जुना कावळा आठवला, आणि सवयीने तोंडातून उपदेश बाहेर पडला. "बाई, समाधान मोठी गोष्ट आहे. मिळालंय त्यात मावायला शिकावं."

"समाधानी व्हायला माझी काही हरकत नाही," खेकडी म्हणाली. "पण अंडी वाळतात त्याचं काय करू?"

निग्रही खेकडा जागचा हलला नाही. ओढून बाहेर काढायची तर या खेकड्यांत रीत नाही, त्यामुळे कुणी त्याला हातही लावला नाही. थोरल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "ऊन वर यायला लागलंय. आम्ही उरकून घेतो. तुमचं तुम्ही ठरवा." तो आपल्या शंखातून निघाला आणि नव्यात गेला. मधला थोरल्याच्या शंखात गेला. मधल्याचा शंख रिकामा होऊन निग्रही खेकड्याच्या समोर पडला. उतरंड तिथे येऊन थांबली. सगळी पुळण त्याच्याकडे बघत होती.

"बघताय काय असे?" तो चिडून म्हणाला. "मला माझा शंख उत्तम होतो. ऐसपैस आहे! हातपाय पसरून झोपतो मी यात."

"मग एकदा आत जाऊन दाखवा की!" मधला म्हणाला. नवीन घरामुळे तो जरा रंगात होता.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. निग्रही खेकड्याने श्वास रोखला, पोट आवळलं आणि जोर लावून मागे सरकला. अंग अर्ध्यावर जाऊन अडकलं. नांगी बाहेर, चार पाय बाहेर, डोळे वटारलेले. तो आणखी रेटू लागला तशी ती नांगी हवेत नुसतीच उघडझाप करू लागली. इतकी वर्षं ज्यांनी त्याच्यासमोर माना डोलावल्या होत्या, ते सगळे आता त्या नांगीकडे बघत होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "ध्यान लावलं असेल."

आणि नेमका तेव्हाच कावळा आला.

सावली वाळूवरून सरकली मात्र, टक् टक् टक् सगळ्या पुळणीची दारं लागली. बघता बघता वाळूवर नुसते शंखच शंख. दोघांचीच दारं उघडी राहिली. एक ती खेकडी, कारण झाकणाला दार नसतंच. दुसरा आपला निग्रही.

कावळा उतरला, मान वाकडी करून त्याने दोघांकडे पाहिलं आणि जो जास्त बाहेर लोंबत होता त्याच्याकडे गेला. एक पाय चोचीत धरून त्याने हिसका दिला. खेकडा शंखात इतका घट्ट बसला होता की शंखासकट वर उचलला गेला. हवेत दोनदा हेलकावला, पाय तुटला आणि तो धप्पकन वाळूत उताणा पडला. कावळा तो पाय घेऊन जवळच्या सुरूवर जाऊन बसला. पाय खात होता, आणि खाता खाता खाली बघत होता. एका पायाने कावळ्याचं काय होतंय?

खेकडी खडखडत धावली. नांगीने रेटून तिने त्याला पालथा केला. "फार लागलं का काका?"

"तू लपली का नाहीस?" त्याने विचारलं.

"लपू कुठे? मला दार कुठे आहे?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला तरी कुठे आहे?"

हे ऐकलं आणि त्याला एकदम उमगलं. पापणी लवेपर्यंतच्या त्या उघडेपणाला तो आयुष्यभर भ्याला होता. आणि ज्या दिवशी नांगी बाहेर राहायला लागली, त्या दिवसापासून तो रोज, सकाळ-संध्याकाळ उघड्यावरच बसला होता की! फक्त तोंड कातळाकडे करून.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. हे तो कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होता. "समाधान वगैरे सगळं थोतांड. माझ्यात तेवढी हिंमतच नाही."

"भीती तर थोरल्यांनाही वाटत होती. मागे उभी होते ना मी, पाय लटपटत होते त्यांचे," खेकडी म्हणाली. "पण हिंमत नाही कसं म्हणता? समोर एवढी मासळी पडलेली असताना उपाशीपोटी परत फिरायचं, तेही रोज! काका, मला एक दिवससुद्धा जमलं नसतं. त्याच्या निम्म्या जोरात तुम्ही कितीतरी घरं बदलली असती."

वर कावळ्याने चोच फांदीला घासली. त्याचं खाणं संपलं होतं.

खेकड्याने समोरच्या रिकाम्या शंखाकडे पाहिलं. मग त्याने बाहेर यायला सुरुवात केली. पण वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. वर्षानुवर्षं आवळून धरलेलं अंग शंखाच्या पिळात असं रुतलं होतं की सुटता सुटेना. पोट आवळायची त्याला सवय, सैल सोडायची नव्हती. भूक दाबताना करायचा तसा त्याने मनाचा हिय्या केला, आणि या वेळी आवळायच्या ऐवजी सोडलं. मधेच कुठेतरी सोलवटलं, कळ आली, त्याने दाद दिली नाही. सुळकन तो बाहेर आला. इतकी वर्षं झाकलेल्या अंगाला वारा लागला आणि तो भीतीने गारठून गेला.

"काका, कावळा!" खेकडी ओरडली.

कावळा पंख मिटून खाली येत होता. खेकडा उलट्या पावली धावला, शंखाचं तोंड चाचपलं आणि मागच्या मागे आत शिरला. आत गेला, आणखी आत गेला, आणि नांगी तोंडाशी लावून घेतली. वरून चोचीचे टोले बसू लागले. शंख गरगर फिरला, कलंडला, पण चोच आत शिरली नाही. टोचून टोचून कावळा कंटाळला आणि "काव!" करून, जणू काही आपणच त्याला माफ केलं अशा ऐटीत, निघून गेला.

कावळा शंख टोचत होता तेवढ्या वेळात खेकडीने झाकण सोडलं होतं आणि ती काकांच्या जुन्या शंखात शिरली होती. आत अजून ओल होती. तिने अंडी पोटाशी सारखी केली, नांगीने दार लावलं आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपली.

निग्रही खेकड्याला मात्र झोप आली नाही. आधी जिवात जीव आला म्हणून त्याला बरं वाटलं. मग त्याने जरा अंग हलवलं, तर चारी बाजूंना जागाच जागा. नांगी लावली तरी कडेने फट राहत होती. हा शंख मधल्याचा, आणि मधला त्याच्याच वयाचा. दोघं एकाच भरतीला काठावर आले होते. म्हणजे एव्हाना आपणही एवढं मोठं व्हायला हवं होतं, हे त्याला कळलं. उपाशी काढलेले सगळे दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेले. किती जोर लावला होता त्याने, आणि कशासाठी! तो एकटाच आत बसून रडला.

मोठी भरती आली त्या दिवशी खेकडी अंडी सोडायला पाण्याकडे निघाली. पाण्यात पाय टेकताच घोस सुटला, आणि अंड्यांतून निघालेले इवले इवले ठिपके लाटेबरोबर पसरले. कडेची थोडी अंडी वाया गेली होती, बाकीची सगळी धड होती. परत येताना तिला वाटेत काका भेटले. ते लंगडत चालले होते.

"काय काका, कसा आहे शंख?" तिने विचारलं.

"ढिला आहे," तो म्हणाला. "चाललो की आतल्या आत हलतो मी. यात मावायचा तो खेकडा अजून झालोच नाही."

खेकडीने विचारलं, "मग आता?"

"आता काय? पाय पुन्हा फुटायचाय, अंग भरायचंय. कोळणी आत्ताच मासळी निवडून गेल्यात. बाजूला हो, जेवायला चाललोय."

तात्पर्य : मुलांनो, इच्छाशक्ती नाही असा जीव विरळा. पुष्कळांची ती सगळीच्या सगळी आहे तेवढंच राहण्यात खर्च होत असते, आणि वाढायला लागतो तो जोर बहुधा त्याहून कमीच असतो.